पाण्यात जन्मलेला धातू

पाण्यात लोखंड गंजतं, हे विहिरीवरची कडी पाहत वाढलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून अवारुआइटविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. हे खनिज म्हणजे निकेल आणि लोखंड यांचा निखळ मिश्रधातू. त्यात ना ऑक्सिजन, ना गंधक. आणि ते तयार होतं समुद्रतळाखालच्या खडकात पाणी मुरल्यावर!

मध्य अटलांटिक पर्वतरांगेत काही ठिकाणी पृथ्वीच्या प्रावरणातला खडक थेट समुद्रतळाशी येतो. पाणी मुरलं की त्यातल्या ऑलिव्हिन या खनिजाचं हिरवट, सापाच्या कातडीसारखं सर्पेंटाइन होतं. ऑलिव्हिनमधलं लोह पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचं मॅग्नेटाइट होतं आणि हायड्रोजन मोकळा सुटतो. तो इतका साचतो की पेंटलंडाइट या लोह-निकेल सल्फाइडमधलं गंधकही काढून नेतो. उरतो नुसता धातू. अशा खडकाची चकती आरशासारखी घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की करड्या मॅग्नेटाइटशेजारी पेंटलंडाइटचा फिकट पिवळा कण दिसतो आणि त्याला लागून अवारुआइटचा लख्ख पांढरा ठिपका.

पुढे पाणी मुबलक खेळू लागलं की हायड्रोजन वाहून जातो, गंधक परततं, मिलेराइट आणि पायराइट ही गंधकाने भरलेली सल्फाइडं दिसू लागतात. २००३ साली ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ जहाजाने १५ अंश उत्तर अक्षांशाजवळ खोदलेल्या खडकांत ही दोन्ही टोकं सापडली. प्रावरणात गंधक किती? किलोमागे जेमतेम पाव ग्रॅम. तरी कोणत्या कणाला कोणता कण चिकटलाय, एवढ्यावरून खडकात तेव्हा हायड्रोजन किती होता, याचा अंदाज बांधता येतो.

हायड्रोजनचं एवढं काय? तो अन्न आहे. २००० साली अटलांटिकमध्ये ‘लॉस्ट सिटी’ सापडली: ६० मीटरपर्यंत उंच, पांढुरकी धुराडी आणि त्यांतून येणाऱ्या कोमट ते कढत पाण्यातल्या हायड्रोजनवर जगणारे सूक्ष्मजीव. सूर्याचा किरणही तिथे पोचत नाही. जीवसृष्टीचा आरंभ अशाच जागी झाला असावा, असं काही शास्त्रज्ञ मानतात. मला ती शक्यता फार मोलाची वाटते.

सल्फाइड म्हटलं की आज मात्र तांबं आणि जस्त आठवतं. समुद्रतळावरचे सल्फाइडचे ढिगारे शोधण्यासाठी भारताने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी हिंदी महासागरातल्या १०,००० चौरस किलोमीटरचा करार केला. त्या शोधात गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गुंतलेलं आहे. अशाच शोधासाठीचा पोलंडचा अटलांटिकमधला करार २०१८ चा. हे ढिगारे वेगळे, खडकातले बारीक कण वेगळे, हे खरं. पण यंत्र उतरेल ते दोघांच्याही उरावर. शोध जरूर घ्यावा. मात्र खोदकामाचा परवाना देण्याआधी तिथल्या खडकाच्या चकत्या घासून, वाचून, जपून ठेवल्याच पाहिजेत, आणि लॉस्ट सिटीला तर हातही लावू नये. ती पोलंडच्या शोधक्षेत्रात येते.