माती अपराधी आहे काय?

हैदराबादेतील आपल्या मराठी कुटुंबांपैकी कित्येकांचे मूळ गाव मराठवाड्यात आहे. वडिलार्जित घराचा विषय निघाला की माळवदाची आठवण निघाल्यावाचून राहत नाही. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखातील दुपारीही आत पाऊल टाकताच जिवाला गारवा वाटे. अलीकडे पर्यावरणाचा विचार करणारी मंडळी कच्च्या मातीच्या बांधकामाची थोरवी सांगू लागली आहेत, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. सिमेंटासाठी चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजावी लागते. माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटाच्या खाती जमा होतो. कच्च्या मातीला भट्टी लागत नाही. भिंत पाडली तर तीच माती भिजवून पुन्हा भिंतीत घालता येते.

परंतु ही स्तुती ऐकताना ३० सप्टेंबर १९९३ हा दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते. माणसे थकून निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे, बहुतेक आपल्याच घराखाली, गाडली गेली. ज्या छपराने गारवा दिला त्यानेच जीव घेतला. मग मातीची शिफारस आपण कोणत्या तोंडाने करावी?

अभियंत्यांनी पडलेली घरे तपासली तेव्हा निराळेच काही दिसून आले. भिंती दोन पदरी होत्या. आतबाहेर ओबडधोबड दगड आणि मधल्या पोकळीत चिखल व दगडांचे तुकडे. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड त्यांत बहुधा नव्हतेच. गळती होऊ नये म्हणून वर्षानुवर्षे छपरावर नवी माती पडे, जुनी मात्र काढली जात नसे. आजोबांनी घातलेली माती नातवाच्या डोक्यावर तशीच होती. उलट जेथे लाकडी खांबांचे खण होते, तेथे भिंत ढासळूनही छप्पर खांबांवर तोलून राहिल्याची उदाहरणे आढळली. पुढे २००१ साली कच्छात भूकंप झाला, तेव्हा तेथील गोल, हलक्या छपराचे मातीचे भुंगे पुष्कळ ठिकाणी उभे राहिले. माती येथेही होती, तेथेही होती.

तेव्हा अपराध मातीचा म्हणता येत नाही. तो अज्ञानाचा म्हणावा, तर अज्ञान कोणाचे? मातीची घरे भूकंपात कशी टिकवावीत, याविषयीची भारतीय मानक संस्थेची मार्गदर्शिका त्याच १९९३ सालची आहे. असे ज्ञान कचेरीच्या कपाटातून खेड्यातील गवंड्याच्या हाती पोहोचविणे हे कोणाचे काम होते? सुखवस्तू मनुष्य आज वास्तुविशारद नेमून मातीचा बंगला बांधतो, आणि लोक त्याच्या अभिरुचीचे कौतुक करतात. गरिबाचे मातीचे घर मात्र ‘कच्चे’ ठरते, आणि त्याने स्लॅबची इच्छा धरली की त्याला पर्यावरणाचे पाठ ऐकविले जातात. भूकंपानंतर अनेकांनी मातीच्या छपराखाली निजावयाचे नाकारले. त्यांना चूक म्हणण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. हे लिहिणारा स्वतः स्लॅबखालीच राहतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, मातीची थोरवी सांगणाऱ्याने तिची जोखीमही वाटून घ्यावी. आपले माळवदाचे घर गावी अजून उभे असेल आणि त्यात भावकीतील कोणी किंवा जुना वाटेकरी राहत असेल, तर या उन्हाळ्यात जाणकार गवंडी बरोबर घेऊन तेथे जावे. छपरावर किती हात माती साचली आहे ते पाहावे, भिंतीला फुगवटा आला आहे काय ते पाहावे. जास्तीची माती उतरविण्याची मजुरी त्या घरात राहणाऱ्यावर न घालता आपण द्यावी.