सायरनची दुसरी किल्ली

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एका गाडीची बॅटरी चोरीला गेली. सभा झाली. रात्रीसाठी आणखी एक वॉचमन ठेवावा, असं कुणीतरी सुचवलं. महिन्याचा खर्च ऐकल्यावर तो विषय तिथेच मिटला. मग आवाज खाली आणून एकजण म्हणाले, "आतल्या माणसाशिवाय असं होत नाही." आतला माणूस म्हणजे कोण, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मीही मान डोलावली आणि त्याच आठवड्यात गाडीच्या अलार्मला बॅकअप बॅटरी असलेला सायरन बसवून घेतला.

बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनने मला त्यातलं तत्त्व दोन वाक्यांत सांगितलं. जाणता चोर आधी बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढतो. वीज गेली की अलार्म मुका होतो. या सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. एरवी ती गाडीच्या बॅटरीवर चार्ज होत राहते आणि मुख्य वीज तुटली, की त्याच क्षणी सायरन तिच्यावर बोंबलायला लागतो. तो बंद करायला सायरनच्याच अंगावर एक कुलूप असतं. त्याच्या दोन किल्ल्या इलेक्ट्रिशियनने माझ्या हातात दिल्या. दोन्ही मी एकाच कडीत अडकवल्या. त्या वेळी त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात आई आजारी पडली म्हणून आम्ही तीन आठवडे कोकणात होतो. अलार्म उभ्या गाडीतूनही थोडी थोडी वीज पीत असतो. माझा साधारण ३० मिलिअँपिअर घेत होता. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास. वीस दिवसांत चौदाच्या वर. नवी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी एवढं सोसते. माझी चार वर्षांची, थकलेली होती. एका रात्री तिने मान टाकली. सायरनच्या दृष्टीने मात्र चोरी झाली होती. बॅटरी मेली की कुणी तोडली, हा फरक त्याला कळत नाही.

रात्री दीड वाजता मला फोन आला. पलीकडून बोलणाऱ्याचे शब्द सायरनमुळे नीट ऐकू येत नव्हते. गाडी बंद, बॉनेटचा खटका गाडीच्या आत, आणि किल्ल्या माझ्यापाशी, काही तासांच्या अंतरावर. चोर असता तर त्याने काच फोडली असती. शेजारी सज्जन होते म्हणून अडकले.

पहाटे चारच्या सुमारास छोटी बॅटरीही संपली तेव्हा तो थांबला. तळमजल्यावरच्या काकूंनी यजमानांना दोनच दिवसांपूर्वी इस्पितळातून घरी आणलं होतं. त्यांची खिडकी माझ्या गाडीपासून दहा पावलांवर आहे. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. माझ्या सायरनच्या खोक्यावर ११५ छापलेलं होतं आणि विकत घेताना मला त्या आकड्याचं कौतुक वाटलं होतं. त्या रात्री वॉचमनने आधी टॉर्च मारून गाडीभोवती कुणी नाही याची खात्री केली, मग स्वतःची गोधडी आणि दोन गोणपाटं बॉनेटवर टाकली आणि आवाज थोडा तरी दबावा म्हणून त्यांवर हात दाबून उभा राहिला. हे मला काकूंनी परतल्यावर सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, त्यामुळे जास्त लागलं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. सायरन नेमका कुणासाठी वाजतो? चोराला घाबरवण्यासाठी, असं आपण म्हणतो. पण चोर घाबरतो तो आवाजाला नाही, आवाज ऐकून येणाऱ्या माणसांना. म्हणजे सायरन ही शेजाऱ्यांना घातलेली हाक आहे. मी त्यांना न विचारता त्यांना राखणीवर नेमलं होतं, आणि आल्यावर त्यांना काही करता येऊ नये याचीही व्यवस्था केली होती.

हितोपदेशात धोब्याच्या कुत्र्याची आणि गाढवाची गोष्ट आहे. चोर शिरतो, मालक पोटाला नीट घालत नाही म्हणून कुत्रा भुंकत नाही, गाढव ओरडतं आणि मार खातं. ज्याचं काम त्यानेच करावं, असं तात्पर्य लहानपणी शिकवलं होतं. आता वाटतं, गोष्ट धोब्याचीही आहे. कुत्र्याला पोटभर न घालणाऱ्याने गाढवाच्या आवाजावर भिस्त ठेवू नये. आम्ही वॉचमनच्या जोडीला माणूस नाकारला होता. त्याच्या बारा तासांच्या पाळीला बॅकअप नव्हता; माझ्या सायरनला होता.

मी नवी बॅटरी बसवली आणि गाडीची जादा किल्ली व सायरनची दुसरी किल्ली घेऊन वॉचमनकडे गेलो. माझ्या मते ती माफी होती. त्याने हात पुढे केला नाही. "नको साहेब. उद्या काही झालं तर पहिलं माझंच नाव येईल." सभेतलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं होतं की त्याला न ऐकताही ठाऊक होतं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. संशय आम्ही सगळ्यांनी मिळून घेतला होता; विश्वास मी एकटा, पार्किंगमध्ये उभ्या उभ्या, त्याच्या हातात ठेवायला निघालो होतो. त्यात जोखीम पुन्हा त्याचीच होती.

पुढच्या सभेत मी दोन गोष्टी मांडल्या. गेल्या वेळी मान डोलावली ती माझी चूक होती, हे सांगितलं. आणि दुसऱ्या वॉचमनचा विषय पुन्हा काढला. दुसरी गोष्ट अजून "बघू" वर आहे. किल्ल्या काकूंनी ठेवून घेतल्या. त्यांच्या दाराच्या आत, दुधाच्या पिशवीच्या खिळ्याला त्या टांगलेल्या असतात. वॉचमनला ते माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे.

सायरन मी काढलेला नाही. चोर असतातच. पण बॅकअपचा बॅकअप शोधत गेलं, की शेवटी हातात किल्ली असलेला एक माणूस लागतोच. तो कोण, हे मी सायरन बसवायच्या आधी ठरवायला हवं होतं.