पंचहौदचा चहा

ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी बडी मंडळी होती. काहींनी चहा घेतला. काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हातात धरला आणि खाली ठेवला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी खोड्या काढण्यात पटाईत. त्यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! सनातन्यांनी ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचे प्रकरण, उभे केले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीला शास्त्री नेमले गेले.

टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले आणि वाद घालत राहिले. रानडे प्रार्थना समाजाचे. चहाने धर्म बुडतो यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. तरीही 1892 मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारकांना ते फार झोंबले.

माणूस पटलेले नसतानाही चारचौघांसारखा का वागतो? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1950 च्या दशकात याचा छडा लावण्यासाठी साध्या रेघा वापरल्या. समोरच्या तीन रेघांपैकी कोणती नमुन्याच्या रेघेएवढी, एवढेच सांगायचे. एकट्याने उत्तर देताना जवळजवळ कोणीच चुकत नसे. पण खोलीतले बाकीचे सगळे, आधी पढवून ठेवलेले, एकमुखाने चुकीची रेघ सांगू लागले की सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्यांच्या बाजूला झुकत. सोबतीला बरोबर बोलणारा एक जण दिला, तर मात्र ही लाचारी बरीच कमी होई. उत्तर कागदावर गुपचूप लिहायचे असले, तेव्हाही.

म्हणजे अनेकांची नजर शाबूत होती, त्यांना फक्त वेगळे पडायचे नव्हते. पण ॲशच्या खोलीतून माणूस तासाभरात घरी जात असे. ग्रामण्यातून तो जाणार कुठे? मुंजीला भटजी मिळेना, श्राद्धाला ब्राह्मण येईनात, पंगतीला कोणी बसेना, लेकीचे लग्न अडलेले. शिवाय शिक्षा एकट्या अपराध्याला कधीच होत नाही. ती त्याच्या आईला, सासुरवाशीण बहिणीला, म्हाताऱ्या वडिलांना होते. रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या आठवणींतही हेच कारण दिसते: अडकलेल्या स्नेह्यांची आणि त्यांच्या घरच्यांची सुटका व्हावी, म्हणून रानडे तयार झाले.

रानड्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. 1873 मध्ये, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असताना, वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले होते. या माणसाला स्वतःवरची टीका सोसत असे, जवळच्यांचा जीव टांगलेला पाहवत नसे. समूहाला नेमकी हीच माया वेठीस धरता येते. प्रेमळ माणूस म्हणूनच लवकर नमतो, आणि एकाच्या नमण्याने पुढच्याचा सोबती हिरावला जातो. रानड्यांनी मित्रांना सोडवले. उरलेल्यांची बाजू मात्र लंगडी केली. ही किंमत त्यांच्या हिशेबात फारशी धरलेली दिसत नाही.

जातपंचायतींची हीच पद्धत आजही चालते. महाराष्ट्राने त्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. 2017 पासून लागू असलेल्या या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. मात्र तक्रार करायची तर त्याच गावात राहून, त्याच नातेवाइकांविरुद्ध.