चित्राबरहुकूम काम

फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ साली अमेरिकेतल्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे ‘प्रोसेस चार्ट’ मांडला. कामाच्या प्रत्येक टप्प्याला एक खूण द्यायची, खुणा क्रमाने मांडायच्या आणि निरुपयोगी टप्पे गाळायचे, एवढीच त्यातली युक्ती. बदल करायचा तो माणसांनी; तक्ता भिंतीवरच राही. पुढच्या शंभर वर्षांत हाच तक्ता वर्णन करता करता हुकूम सोडू लागला.

पहिला मोठा टप्पा गणिताचा. जर्मनीत कार्ल अ‍ॅडम पेट्री यांनी १९६२च्या प्रबंधात जी रीत मांडली, तिच्यातून ‘पेट्री नेट’ ही आकृती घडली. एकाच वेळी चाललेली अनेक कामे तिच्यात दाखवता येतात आणि एखादे प्रकरण मध्येच अडकून पडेल का, हे आधीच तपासता येते. सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात स्किप एलिस आणि त्यांचे सहकारी कचेरीतले कामकाज अशा आकृत्यांत बसवू लागले.

त्याच केंद्रात ल्युसी सचमन मात्र हिशेबनीसांचे काम जवळून पाहत होत्या. १९८३च्या लेखात त्यांनी दाखवले, की ठरलेली कार्यपद्धत कारकून यंत्रासारखी पाळत नाहीत. कागद गहाळ असतो, आकडे जुळत नाहीत. ते शोधाशोध करतात, तर्क लढवतात आणि शेवटी नियमाप्रमाणे दिसणारी फाइल तयार होते. शिस्त ही त्यांच्या खटपटीची फलश्रुती असते. या निरीक्षणाचे मोल कळायला उद्योगजगताला बराच काळ लागला.

नव्वदच्या दशकात कंपन्यांनी भराभर प्रक्रिया चितारल्या. जर्मनीतल्या ऑगस्ट-विल्हेल्म शेअर यांच्या पद्धतीने काढलेले आराखडे ‘सॅप’सारख्या उद्योग-व्यवस्थापन प्रणालींसोबत जगभर गेले. पण चित्र एकीकडे आणि कोड दुसरीकडे. कोड बदलला की चित्र शिळे होई आणि ते ताजे करायला कुणालाच सवड नसे. २००१ साली ‘ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप’ या सॉफ्टवेअरची मानके ठरवणाऱ्या संस्थेने यावर उपाय सुचवला: मूळ दस्तऐवज म्हणून चित्रालाच, म्हणजे मॉडेललाच मानायचे, ते कोणत्याही तंत्रापासून स्वतंत्र ठेवायचे आणि त्यावरून शक्य तितका कोड साधनांकडून तयार करून घ्यायचा. २००४ साली आलेल्या ‘बीपीएमएन’ या चिन्हलिपीने २०११च्या दुसऱ्या आवृत्तीत पुढचे पाऊल टाकले. चित्राचे मुख्य भाग चालताना नेमके काय करतात, हेही तिने ठरवून दिले. कर्जाच्या अर्जात तपासणीची चौकट, मंजुरी-नामंजुरीसाठी शंकरपाळ्यासारखा चौकोन, मुदत संपली की अर्ज वरिष्ठांकडे ढकलणारे घड्याळ. हे चित्र ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे इंजिनाला दिले की अर्ज त्याच वाटेने फिरू लागतो.

धंद्यातल्या माणसाने चित्र काढावे आणि सॉफ्टवेअर आपोआप तयार व्हावे, हे आश्वासन मात्र अर्धेच खरे ठरले. जुन्या प्रणालींशी जोडणी, माहितीची रचना, कोणाला काय दिसावे याचे अधिकार, यासाठी प्रोग्रामर लागतोच. शिवाय सगळे काम ठरावीक वाटेने जात नाही. इस्पितळातला रुग्ण किंवा विम्याचा वादग्रस्त दावा दर वेळी वेगळे वळण घेतो. हे ओळखून २०१४ साली अशा प्रकरणांसाठी वेगळी चिन्हलिपी आली. निर्णयाचे नियम प्रवाहातून बाहेर काढून तक्त्यात मांडण्याची सोय २०१५ साली झाली. डच संशोधक विल व्हान डर आल्स्ट यांनी तर दिशाच उलटवली: प्रणालीतल्या नोंदी चाळायच्या आणि काम प्रत्यक्षात कोणत्या वाटेने गेले, त्याचे चित्र काढायचे. सचमन यांनी डोळ्यांनी टिपलेले नियम आणि प्रत्यक्ष काम यांतले अंतर आता नोंदींतून काही अंशी मोजता येते.

माझ्या मते मॉडेलचा खरा लाभ कोड लिहिण्याचा वेळ वाचण्यात नाही. पूर्वी प्रोग्रामरच्या हजारो ओळींत दडलेला नियम आता हिशेबनीस, व्यवस्थापक आणि प्रोग्रामर एकाच कागदावर बोट ठेवून वाचू शकतात, त्यावर भांडू शकतात. काउंटरवरचा माणूस ‘सिस्टिम घेत नाही’ म्हणतो, तेव्हा ती अडवणूक कुणीतरी रेखाटलेली असते आणि म्हणून बदलताही येते. तेव्हा अशी प्रणाली विकत घेणाऱ्यांनी विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत: हे चित्र बदलण्याचा अधिकार कुणाकडे राहील आणि चित्रात न बसणाऱ्या प्रकरणाचे काय होईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काउंटरवरच्या माणसाला विचारल्याशिवाय करारावर सही करू नये.