लाल शाई आणि वाक्याचे स्वामित्व

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या लेखनाची चर्चा आपल्याकडे बहुधा शुद्धलेखनापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये १४ व १९७२ मध्ये आणखी ४ नियम केले. शंभरांच्या वर्गात त्यांच्या कसोटीवर वह्या तपासणे एवढेच शक्य असते. एकेका विद्यार्थ्याचा मसुदा समोर ठेवून त्याला स्वतंत्रपणे शिकवावे, ही सूचना मग अव्यवहार्य म्हणून बाजूस पडते. तिच्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, हे नजरेआड होते.

समजा, एका कवितेविषयी एकाने लिहिले : ‘दुःख हे मानवी जीवनाचे अविभाज्य अंग आहे, असे कवीस सुचवायचे आहे.’ दुसऱ्याने लिहिले : ‘कवी दुःखाला भेतो पन त्यालाच घरात घेतो.’ पहिले वाक्य निर्दोष आहे, कारण ते गाइडातले आहे. आता तर यंत्रेही अशी वाक्ये हवी तितकी पुरवतात. दुसऱ्यात ‘भेतो’ आहे, ‘पन’ आहे; परंतु कवितेतला अंतर्विरोध यानेच ओळखला आहे. लाल शाई मात्र यालाच लज्जित करते, आणि पुढच्या खेपेस हाही गाइड उघडतो.

न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये शहरातील शालान्त उत्तीर्णांना सरसकट प्रवेश खुला केला, तेव्हा सिटी कॉलेजातील मिना शॉनेसी यांच्यापुढे असेच लेखन आले. सुमारे ४,००० निबंध अभ्यासून लिहिलेल्या ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ (१९७७) या ग्रंथात त्यांनी दाखवले की, चुकांनाही तर्क असतो. तो तर्क पुष्कळदा लिहिणाऱ्याला विचारल्यावाचून उमगत नाही. (निबंधमालेत चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या व्याकरणाची थट्टा केली, ती येथे आठवावी. दोष दाखवला की युक्तिवादाला उत्तर देण्याची गरज उरत नाही.)

म्हणून ‘पन’ तसाच राहू द्यावा काय? असे सुचवणारे बहुधा प्रमाणभाषा घरातूनच मिळालेले असतात. ज्याला अर्ज लिहायचा आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, त्याला ती न देणे हा अन्यायच होय. दुसरीकडे, एकास एक अध्यापनात शिक्षकाची सत्ता वाढते, हेही विसरता येत नाही. वर्गाच्या गर्दीत विद्यार्थ्याला जी आड मिळते ती येथे नाही. शिक्षकाची शैली त्याच्या हाताला सहज चिकटते. यास्तव शिक्षकाने ‘पण’ अवश्य सांगावा, वाक्य मात्र लिहून देऊ नये. ‘घरात घेतो म्हणजे काय करतो?’ एवढे विचारावे आणि थांबावे.

या थांबण्याला वेळ लागतो. प्रत्येकी पंधरा मिनिटे धरली, तर शंभर विद्यार्थ्यांच्या एका फेरीस पंचवीस तास होतात. तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाला त्यांतल्या एकाही तासाचे मानधन मिळत नाही.