आमदारांच्या कचेरीत रुजू होणाऱ्या भाचीस

मोखाडा

चि. ताईस,


आमदारांच्या कार्यालयात प्रश्न आणि भाषणांची टिपणं तयार करण्याचं काम तुला मिळालं, हे कळून घरात सगळ्यांना आनंद झाला. तुझ्या आईला वाटतं, मुंबईत नोकरी लागली. मला वाटतं, त्याहून मोठी गोष्ट झाली. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काय घडतं ते विधानभवनात कोणत्या शब्दांत पोहोचणार, हे आता थोडंफार तुझ्या हातात आहे. म्हणून हे पत्र लांबणार.

साहेबांचं पहिलं भाषण कुपोषणावर व्हावं असं ठरतंय, त्यासाठी चांगली सुरुवात सुचव, असं तू लिहिलंस. सुरुवात मी सुचवणार नाही. भाषण लिहून देणारे पुष्कळ मिळतील. तू आधी प्रश्न लिहायला शीक.

रुजू झालीस की पहिला आठवडा विधिमंडळाच्या छापील प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचण्यात घालव. बहुतेक प्रश्नांचा साचा एकच आहे. अमुक तालुक्यात कुपोषणामुळे मोठ्या प्रमाणावर बालके दगावल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय; असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. उत्तर येतं, ‘हे खरे नाही’ किंवा ‘अंशतः खरे आहे’, आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. हे उत्तर लिहिणारा अधिकारी दरवेळी खोटं लिहितो असं समजू नकोस. ‘मोठ्या प्रमाणावर’ म्हणजे किती, हे प्रश्नातच नसतं. ‘कुपोषणामुळे’ म्हटलं, तर दवाखान्याच्या कागदावर कारण न्यूमोनिया, अतिसार किंवा जन्मतः कमी वजन असं असतं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या जवळजवळ निम्म्या मृत्यूंमागे अल्पपोषण असतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण मृत्यूच्या नोंदीत ते सहसा येत नाही. कुपोषणाने किती मुलं गेली असं विचारलंस, की सरकारला सुटायला वाट तूच करून दिलीस.

त्याऐवजी असं विचार. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत मोखाडा तालुक्यात सहा वर्षांखालची किती मुलं वारली? त्यांपैकी किती मुलांची नावं आधीच्या तीन महिन्यांत तीव्र कुपोषितांच्या यादीत होती? आणि त्यांतल्या किती जणांना ग्राम बालविकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवलं होतं? याला ‘हे खरे नाही’ हे उत्तर चालत नाही. आकडा द्यावा लागतो, आणि एकदा दिलेला आकडा पुढच्या अधिवेशनात मंत्र्यांपुढे पुन्हा ठेवता येतो.

आता आपल्या दोन तालुक्यांचा खरा प्रश्न सांगतो. तो तुला नवा नाही, पण सभागृहाला अजून नीट कळलेला नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर माणसं गाव सोडून जगायला जातात. भाताची कापणी, झोडणी उरकली, नागली-वरई घरात आली, की डोंगरउतारावरच्या त्या पिकावर घर किती दिवस चालणार? रोजगार हमीचं काम मागायचं तर पाड्यावर ते वेळेवर निघेल याची खात्री नसते, आणि निघालं तरी पैसे हातात कधी पडतील ते सांगता येत नाही. मजुरी पंधरा दिवसांत मिळाली पाहिजे असं कायदा म्हणतो. वीटभट्टीचा मालक मात्र सणाच्या तोंडावर उचल देतो. रोख, हातात, त्याच दिवशी. मग पुढचे सगळे महिने ती उचल फेडण्यात जातात. भिवंडी, वसई, कल्याणच्या भट्ट्यांवर प्लास्टिकच्या खोपटात कुटुंब राहतं, आई-बाप विटा थापतात आणि कडेवरचं पोर तिथेच धुळीत खेळतं.

त्या पोराचं गावातल्या अंगणवाडीत काय होतं, ते बघ. ते गावात नाही, म्हणून त्याचं वजन होत नाही. वजन नाही, म्हणून ते कुपोषितांच्या यादीत नाही. भट्टीजवळच्या अंगणवाडीला ते आपलं वाटत नाही, कारण तिच्या पटावर त्याचं नाव नाही. आई गरोदर असेल तर अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतला रोजचा चौरस आहार तिला आपल्या गावात मिळाला असता. ही योजना 2015 साली आदिवासी भागासाठी सुरू झाली. पुढे लहान मुलांसाठी अंडी-केळीही त्यात आली. पण भट्टी ज्या गावात आहे ते आदिवासी क्षेत्रात मोडत नसेल, तर तिथे हे ताट नाही. ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, तीच माणसं गरजेच्या महिन्यांत योजनेबाहेर. पावसाच्या तोंडावर हे कुटुंब परत येतं, तेव्हा मूल सुकलेलं असतं, घरात दाणा नसतो, आवणीची घाई असते. जुलै-ऑगस्टमध्ये ओढे भरून वाहतात, पाड्याचा रस्ता तुटतो, आणि नेमकं तेव्हाच मूल आजारी पडतं. पावसाळ्यातल्या मृत्यूची सुरुवात अशी आदल्या दिवाळीत झालेली असते. सभागृहात पावसाळी अधिवेशनात मृत्यूवर बोललं जातं. भट्टीवर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात बोलायला हवं, कारण ते भरतं तेव्हा कुटुंबं नुकतीच गाव सोडून गेलेली असतात.

महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित मुलांचा आणि गरोदर मातांचा माग ठेवणारी संगणकीय व्यवस्था काही वर्षांपूर्वी आणली. सुरुवातीच्या प्रायोगिक जिल्ह्यांत पालघर होतं. चांगली गोष्ट आहे, तिचं श्रेय विभागाला दे. पण साहेबांना उठून विचारू दे, की जव्हार-मोखाड्यातून गेलेल्या किती मुलांची नोंद झाली आणि त्यांपैकी कितींना पोहोचलेल्या ठिकाणी आहार मिळाला? दोन आकड्यांत जे अंतर निघेल, तेवढाच विषय धरून अर्धा तास चर्चेची मागणी करता येईल.

वावर-वांगणीची घटना तुझ्या जन्माच्या आधीची. 1992-93 साली जव्हार तालुक्यातल्या या दोन गावांच्या परिसरात शंभरावर बालकं गेली, तेव्हा राज्य हादरलं. मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक स्वतः आले. जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय मिळालं ते त्यानंतर. 2014 च्या 1 ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आपल्याला वाटलं, आता कचेरी जवळ आली. दोन वर्षांत मोखाड्याच्या खोच गावातल्या मुलाच्या मृत्यूने पुन्हा राज्यभर गलका झाला. मंत्री पुन्हा आले, कॅमेरे आले. मंत्री येतात त्याला माझा विरोध नाही, त्यांनी यावं. पण दौऱ्यात दिलेला शब्द गाडीबरोबर निघून जातो. सभागृहात दिलेला शब्द छापला जातो आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. म्हणून कुठल्याही मंत्र्याने सभागृहात ‘तपासून घेतो’, ‘महिनाभरात बैठक लावतो’ असं म्हटलं, की तारखेसकट वहीत उतरव. महिना झाला की साहेबांच्या सहीचं पत्र विभागाला गेलं पाहिजे. या कामाला टाळ्या मिळत नाहीत, आणि आमदाराच्या कार्यालयाची खरी किंमत यातच आहे असं माझं ठाम मत आहे.

तुला आयर्लंडच्या एका माणसाची हकिकत सांगतो. डॅनियल ओकॉनेल हा आयरिश पुढारी ब्रिटिश संसदेचा सदस्य होता. मैदानातल्या लाखोंच्या सभा जिंकणारा वक्ता म्हणून त्याची ख्याती. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडत गेलं आणि माणसं उपाशी मरू लागली. 8 फेब्रुवारी 1847 ला तो आपल्या देशासाठी बोलायला लंडनच्या सभागृहात उभा राहिला, तेव्हा म्हातारा आणि आजारी होता. आवाज इतका खोल गेला होता की थोड्यांनाच तो ऐकू आला. त्याने एक हिशेब मांडला. संसदेने मदत केली नाही, तर आयर्लंडची चौथाई लोकसंख्या नष्ट होईल. मे महिन्यात इटलीत जिनोव्हाला त्याचा अंत झाला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. त्याच्या भाषणाने दुष्काळ थांबला नाही, हे मला ठाऊक आहे. पण आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, असं म्हणण्याची सोय त्या संसदेला उरली नाही. ज्याचा आवाज सभागृहात पोहोचला नाही, त्याचा आकडा आजही कार्यवाहीत वाचता येतो.

त्याच आयर्लंडने 1937 साली आपलं संविधान केलं आणि धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं त्यात घातली. आपल्या घटनाकारांनी ती कल्पना तिथून घेतली. आपल्या घटनेच्या 47 व्या अनुच्छेदात लोकांचं पोषण सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानलं आहे. तो नीट वाच, आणि 37 वा अनुच्छेदही वाच. या तत्त्वांसाठी न्यायालयात थेट दाद मागता येत नाही, तरी देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं राज्याला बंधनकारक आहे, असं तिथे म्हटलं आहे. न्यायालयांनी जगण्याच्या हक्कातून पुष्कळ काही दिलं, कुपोषणावर उच्च न्यायालयात याचिका चालल्या. तरीही मोखाड्याच्या मुलाच्या पोषणाचा जाब विचारण्याची पहिली जागा विधिमंडळच आहे. तिथे आपला माणूस गप्प बसला, तर 47 वा अनुच्छेद कागदावर राहतो.

भाषणं वाचायची असतील तर बाबासाहेबांची मुंबई विधिमंडळातली वाच. महाराष्ट्र शासनाने इंग्रजीत छापलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात ती आहेत. 28 जुलै 1928 ला प्रसूती लाभ विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलावा, पण जो मालक तिच्याकडून काम घेतो त्यालाही त्यातून मोकळं सोडू नये, असा त्यांचा मुद्दा. भाषण लहान आहे. आकांत कुठेच नाही. भट्टीवरच्या गरोदर बाईबद्दल साहेब बोलतील, तेव्हा हा मुद्दा जसाच्या तसा लागू पडतो. विटा ज्याच्या, त्याच्यावरही काही जबाबदारी आहेच.

आणि वि. स. पागे यांच्याबद्दल वाच. विधान परिषदेचे ते सभापती होते, 1960 पासून 1978 पर्यंत. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी आधी सांगली जिल्ह्यात आपल्या तासगाव भागात करून पाहिली, मग राज्यापुढे ठेवली. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, 1977 साली कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पुढे 2005 साली केंद्राने देशासाठी कायदा केला, त्याला महाराष्ट्राचा अनुभव उपयोगी पडला. त्याच महाराष्ट्रात आपल्या पाड्यांवर काम मागणाऱ्याला तारखेची पोच मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पोच नसेल तर त्याने काम मागितलं हेच सिद्ध होत नाही. तेव्हा किती मजुरांना काम दिलं, या प्रश्नाआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किती जणांना कामाच्या मागणीची पोच दिली, हा प्रश्न टाक.

पाण्याबद्दल एवढंच. मध्य वैतरणा धरण आपल्या मोखाड्यात कोचाळ्यापाशी 2014 साली पुरं झालं, आणि मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी ते बांधलं गेलं. एप्रिल-मेमध्ये मोखाड्याच्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईकरांचं पाणी तोडा असं म्हणू नका, तेही आपलेच लोक. धरणाच्या तालुक्यातल्या पाड्यांसाठी त्याच पाण्यातला ठराविक वाटा नळाने कधी येणार, एवढं विचारा आणि तारीख मागा.

एक सावधगिरी. पाड्यावरच्या कुठल्याही बाईचं, मुलाचं नाव भाषणात येऊ देऊ नकोस, तिने स्वतःहून सांगितल्याशिवाय. झोळीतून दवाखान्यात न्यावं लागलेल्या बाईची कहाणी सांगितली की सभागृह हेलावतं, मान्य. पण तिला उद्या त्याच गावात राहायचं असतं. गावाचा रस्ता किती किलोमीटर, मंजुरी कधीची, काम कुठे अडलं, हे सांगितलं तरी तिची बाजू मांडली जाते. सभागृहात गोंधळ झाला आणि तुझा प्रश्न चर्चेला आला नाही, तर निराश होऊ नकोस. तोंडी उत्तर हुकलं तरी लेखी उत्तर छापून येतं, आणि आपल्याला हवं ते बहुतेकदा त्यातच असतं.

अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी प्रश्न पाठवावे लागतात, हे तुला ठाऊक असेलच. हिवाळी अधिवेशनासाठी पहिला प्रश्न भट्टीवर जाणाऱ्या मुलांच्या नोंदीचा पाठव. दुसरा, कामाच्या मागणीच्या पोचेचा. खोडाळ्याच्या बाजूच्या पाड्यांची माहिती मी स्वतः अंगणवाडी ताई आणि आशा ताईंना भेटून कळवतो. त्या यादीत कुणाचंही नाव नसेल, फक्त संख्या असतील. मुदत संपायच्या आत प्रश्न गेले पाहिजेत. यंदाही कापणी संपली की लोक निघतील.

तुझा,
मामा