परक्या गाडीचं सुतक

जी गाडी आपण सात जन्मांत घेणार नाही, तिचं रूप बिघडलं म्हणून हळहळण्याचा आपल्याला नैतिक अधिकार आहे काय?

डिसेंबर २०२४ मध्ये जॅग्वारने मायामीत नव्या विजेच्या गाडीचा नमुना दाखवला. लांबलचक नाक, ठोकळेबाज अंग, मागची काच गायब आणि रंग चक्क गुलाबी! १९६१ च्या ई-टाइपवर जीव टाकणाऱ्यांनी जगभर सुतक पाळलं. आमच्या पिंपरी-चिंचवडला तर ते सोयराचंच लागलं. २००८ पासून जॅग्वार टाटांची. तिच्या सख्ख्या बहिणीची, लँड रोव्हरची, जुळणी २०११ पासून इथेच सुरू झालेली. घरच्या मुलीने केस कापले की अख्ख्या आळीला कंठ फुटतो, त्यातलाच प्रकार.

आमच्या शेजाऱ्यांची हयात प्रेसच्या डाया घासण्यात गेली. ते म्हणाले, "अहो, पत्र्यावरून हात फिरवला की तो अडता कामा नये. ही तर बर्फाची लादी!"

"पण तुम्ही कुठे घेणार आहात?"

"शनिवारवाडा तरी कुठे माझ्या नावावर आहे? उद्या त्याला कुणी गुलाबी रंग फासला तर गप्प बसू?"

मुद्दा बिनतोड होता. मालक बिचारा गाडीत बसतो, त्याला दिसतं फक्त चाक. गाडीचं रूप असतं रस्त्यावरच्यांसाठीच!

मात्र एवढ्या चाहत्यांपैकी निम्म्यांनी जरी गाडी घेतली असती, तरी कंपनीवर रूप पालटायची पाळी आली असती का, असं मी विचारलं.

"म्हणजे आम्हीच मारली म्हणा की तिला!" शेजारी म्हणाले, आणि चहा निवेपर्यंत बोललेच नाहीत.